मधमाशीच्या विषाची चाचणी: खान्देशातल्या लॅबमध्ये पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. किंवा एम.फार्म.च्या प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली की आपल्याकडची बरीच मुले कुठल्या तरी पाल्याच्या अर्काकडे वळतात. शेवगा, कडुनिंब, तुळस. मग डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट गुण मोजणारी रंगाची चाचणी), अंड्यातले किंवा गाईचे अल्ब्युमिन हे प्रथिन तापवून साकळवणे, तांबड्या रक्तपेशींची चाचणी, तीन आलेख, आणि प्रबंध बांधायला टाकायचा. हीच चाकोरी जशीच्या तशी मधमाशीच्या विषाला लावली तर आकडे येतील, पण त्यातल्या बऱ्याच आकड्यांचा अर्थ उलटा निघेल. पाल्याचा अर्क सहसा पेशी फोडत नाही. विषाचे तर कामच ते आहे. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे: नमुन्यात काय आहे ते आधी, तो किती मारक आहे ते त्यानंतर, आणि अँटिऑक्सिडंट व दाहशामक गुण सगळ्यात शेवटी.

आधी विष ओळखा

ताज्या विषात जवळपास ८८ टक्के पाणी असते. वाळल्यावर जी पूड उरते तिच्यात निम्म्याच्या आसपास मेलिटिन हे एकच पेप्टाइड असते: २६ अमिनो आम्ले, रेणुभार साधारण २८४६. त्याखालोखाल फॉस्फोलिपेज ए-२ हे एन्झाइम, १० ते १२ टक्के. मग अपामिन आणि एमसीडी ही आणखी दोन पेप्टाइड, हायल्युरोनिडेज हे एन्झाइम, आणि थोडे हिस्टामिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनलिन.

मेलिटिनची साखळी एकदा कागदावर लिहून पाहाच. तिच्यात सिस्टीन नाही, टायरोसीन नाही, हिस्टिडीन नाही, मेथिओनीनही नाही. मुक्त मूलकांशी (फ्री रॅडिकल) झटकन भिडणाऱ्या अमिनो आम्लांपैकी एकटे ट्रिप्टोफॅन, तेही एकच, १९ व्या जागी. मग नमुना अँटिऑक्सिडंट चाचणीत जोरदार चमकला तर श्रेय मेलिटिनला देण्याआधी थांबा. डोपामिनसारखी कॅटेकॉल गटाची लहान रसायने असतील, किंवा मधमाश्यांच्या पेटीतून आलेली घाण असेल. घाणीचा हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

दाहाच्या बाबतीत गुंता याहून मोठा. फॉस्फोलिपेज ए-२ पेशीच्या पटलातून अॅराकिडोनिक आम्ल मोकळे करते आणि त्यातूनच पुढे दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. म्हणजे एकाच कुपीत दाह पेटवणारेही आहे आणि विझवू शकणारेही. कोण वरचढ ठरेल ते मात्रेवर, वेळेवर आणि पेशीच्या जातीवर अवलंबून असते. 'मधमाशीचे विष दाहशामक आहे' असे एका ओळीत लिहून मोकळे होता येत नाही.

जिवाची काळजी

हा भाग उडवून पुढे जाऊ नका. वाळलेले विष हलके असते, पंख्याच्या झोताने उडते. नाकात गेले तर शिंका आणि जळजळ, डोळ्यात गेले तर त्याहून वाईट. तोलताना पंखा बंद, मास्क, चष्मा, हातमोजे, आणि जमल्यास हूड (हवा ओढून घेणारे लॅबचे कपाट). ज्याला पूर्वी माशी चावल्यावर अंगभर गांधी उठल्या, दम लागला किंवा चक्कर आली, त्याने या प्रकल्पात पडू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण अॅलर्जीचा झटका आलाच तर त्यांना उपचार नीट लागू पडत नाहीत.

तीव्र झटक्यावर पहिले औषध अॅड्रेनलिन, मांडीच्या स्नायूत. सेट्रिझिनची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. कॉलेजपासून सर्वांत जवळचे, हे इंजेक्शन चोवीस तास ठेवणारे रुग्णालय कोणते हे काम सुरू करण्याआधी जाऊन विचारून या आणि नंबर लॅबच्या दारावर चिकटवा. लॅबमध्ये एकट्याने काम करू नका.

विष मिळवायचे कसे

दोन वाटा आहेत. रसायने विकणाऱ्या कंपन्यांकडून वाळवलेले विष आणि शुद्ध मेलिटिन मिळते. महाग असते, पण बॅच नंबर आणि शुद्धतेचा कागद सोबत येतो. पहिल्यांदा काम करणाऱ्याने थोडे का होईना, हे तुलनेसाठी घ्यावेच.

दुसरी वाट मधपाळांची. कांद्याचे बियाणे, डाळिंब, कलिंगड यांच्या परागीभवनासाठी मेलिफेरा माशीच्या (पेटीत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी) पेट्या आपल्याकडे शेतात ठेवल्या जातात. विष काढण्यासाठी काचेवर बारीक तारा ताणलेली चौकट वापरतात. बॅटरीवरून तारांना सौम्य, थांबून-थांबून झटके दिले जातात. माशी चिडून काचेवर डंख मारते, नांगी काचेत रुतत नाही, त्यामुळे माशी मरत नाही. विष काचेवर वाळते आणि ब्लेडने खरवडून घेतात. एक ग्रॅम पूड जमायला दहा हजारांच्या घरात डंख लागतात, म्हणून मधपाळाकडे 'थोडेसे द्या ना भाऊ' म्हणताना मिलिग्रॅममध्ये मागा.

सातेरीच्या किंवा आग्या माशीच्या विषावर काम करायचा मोह होईल. सातपुड्यात आग्यामोहोळांना तोटा नाही. पण आग्या माशी पेटीत राहत नाही, चिडली तर माणसाला झुंडीने मारते, आणि राखीव जंगलातून काही आणायचे तर वनविभागाची परवानगी लागते. पहिल्या प्रकल्पासाठी मेलिफेराच बरी.

चिडलेली माशी जो धोक्याचा गंध सोडते त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल अॅसिटेट. पिकल्या केळ्याचा वासही त्याचाच. म्हणून पेट्यांजवळ केळी खाऊन जाऊ नये असे जुने मधपाळ सांगतात. रावेर-यावलच्या माणसाला हे पाळणे अवघडच, पण विष काढायच्या दिवशी तरी डब्यात दुसरे काही न्या.

चौकट लावायची ती पहाटे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात माश्या आधीच पाणी आणण्यात आणि पेटी गार ठेवण्यात गुंतलेल्या असतात आणि काचेवरचे विषही तापते. त्यापेक्षा हिवाळा सोयीचा. खरवडलेली पूड पांढरी ते फिकट पिवळसर असावी. तपकिरी झालेली पूड म्हणजे हवेने आणि उष्णतेने बिघडलेली, निदान संशयास्पद. काचेवर मधाचा थेंब, पराग, प्रोपोलिसचा कण दिसला तर तेवढा भाग वेगळ्या कुपीत ठेवा. प्रोपोलिसमध्ये फिनॉलिक रसायने भरपूर असतात. त्याची चिमूट जरी विषात आली तरी डीपीपीएचचा रंग उतरतो आणि आपण समजतो विषाने कमाल केली.

कुपी गडद रंगाची, आत सिलिका जेलची पुडी, बाहेर बर्फाचा डबा. एसटीने आणणार असाल तर डबा मांडीवर, टपावर नाही. लॅबमध्ये उणे २० अंशांवर ठेवा. फ्रीजर इन्व्हर्टरवर आहे का ते बघा. वीज गेली की कुपीतले द्रावण वितळते आणि परत गोठते, आणि अशा चार फेऱ्यांनंतर तुम्ही नेमके काय तपासताय हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून विरघळवलेले विष छोट्या छोट्या हिश्शांत गोठवा, एक हिस्सा एकदाच वापरा.

द्रावण

कॉलेजातला नेहमीचा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. त्यावर २ मिलिग्रॅम तोलले तर तोलण्यातच पाच टक्क्यांची शंका शिरते. एक तर सूक्ष्म तराजू असलेल्या विभागाकडे जा, नाहीतर १० मिलिग्रॅम एकदम तोलून १० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) विरघळवा, पीएच ७.४. हे झाले १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे मूळ द्रावण. न विरघळलेला गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवा आणि पेशींवरच्या कामासाठी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा.

मेलिटिन काचेला आणि साध्या प्लास्टिकला चिकटते. फार पातळ द्रावण रात्रभर ठेवले तर सकाळी त्यात कागदावर लिहिलेल्यापेक्षा कमी विष उरलेले असते. पातळ द्रावणे रोज ताजी करा, आणि प्रथिने कमी चिकटणाऱ्या नळ्या मिळाल्या तर त्याच वापरा.

प्रथिनांचे मोजमाप करताना ब्रॅडफर्ड या रंग धरण्यावर चालणाऱ्या पद्धतीवर विसंबू नका. ३००० च्या खालच्या रेणुभाराची पेप्टाइड त्या रंगाला नीट धरत नाहीत आणि इथे निम्मा माल त्या रेषेखालचा आहे. बीसीए पद्धत बरी, आणि तोललेले वजनही सोबत लिहा.

नमुना खरा आहे का

एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) मिळाली तर उत्तम. सी-१८ कॉलम, ०.१ टक्के ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल घातलेले पाणी आणि अॅसिटोनायट्राइल यांचा चढता प्रवाह, २२० नॅनोमीटर. अपामिन आधी येते, फॉस्फोलिपेज मागून, मेलिटिन सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात उंच. जळगावच्या उमवितल्या (आताचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) किंवा शिरपूरच्या मोठ्या फार्मसी कॉलेजातल्या उपकरण विभागाकडे मार्गदर्शकांचे पत्र घेऊन विचारणा करता येते. जेल चालवणार असाल तर ट्रायसीनचे जेल करा. नेहमीच्या ग्लायसीन जेलवर मेलिटिन रंगाच्या रेषेबरोबर पळून जाते आणि मुले म्हणतात, 'सर, बँडच नाही.'

एन्झाइम जिवंत आहे का हे बघायची स्वस्त युक्ती आहे. अगारमध्ये अंड्यातला पिवळा बलक आणि थोडे कॅल्शियम क्लोराइड घालून प्लेट ओता, छोटे खड्डे पाडून त्यात विष टाका. फॉस्फोलिपेज शाबूत असेल तर खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. दर महिन्याला त्याच मात्रेत हीच प्लेट केली की साठवणीत माल बिघडतोय का तेही कळते. खर्च एका अंड्याचा.

पेशी किती फुटतात

औषधशास्त्रात दाहशामक गुण तपासायला 'तांबड्या पेशींच्या पटलाचे स्थैर्य' ही चाचणी सर्रास करतात: उष्णतेने किंवा पातळ क्षाराने पेशी फुटायला लावायच्या आणि औषध ते थांबवते का बघायचे. मधमाशीच्या विषासाठी ही चाचणी बाद. मेलिटिन मिलिलिटरमागे अवघ्या काही मायक्रोग्रॅमलाच या पेशी फोडू लागते. तेव्हा त्याच सामानातून उलटा प्रश्न विचारा: विष किती पेशी फोडते?

कत्तलखान्यातून शेळीचे रक्त सायट्रेट घातलेल्या बाटलीत आणा. माणसाचे रक्त वापरायचे तर संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आधी, सुई नंतर. पेशी बफरने तीनदा धुवा, वरचे पाणी रंगहीन होईपर्यंत. ४ टक्के पेशींचे मिश्रण करा. मूळ द्रावणातून ३२ मायक्रोलिटर घेऊन ९६८ मायक्रोलिटर बफरमध्ये मिसळा, म्हणजे ३२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ते निम्मे-निम्मे करत १ पर्यंत खाली या. प्रत्येकात पेशींचे मिश्रण समान आकारमानाने घाला, म्हणजे विष निम्मे होऊन १६ ते ०.५ आणि पेशी २ टक्के. ३७ अंशांवर एक तास, मग सेंट्रिफ्यूज, आणि वरच्या द्रवाची ओडी (द्रव किती प्रकाश शोषतो तो आकडा) ५४० नॅनोमीटरला. नुसता बफर म्हणजे शून्य टक्के, सगळ्या पेशी फोडणारे ट्रायटन एक्स-१०० घातलेली नळी म्हणजे शंभर.

निम्म्या पेशी फोडणारी मात्रा मिळाली की तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुढचे सगळे निकाल त्याच्याशेजारी ठेवून वाचायचे आहेत. समजा, डीपीपीएचमध्ये ५० टक्के परिणाम २०० मायक्रोग्रॅमला आला आणि निम्म्या पेशी ३ मायक्रोग्रॅमला फुटतात. मग तो अँटिऑक्सिडंट गुण शरीरात कुणाच्याही उपयोगाचा नाही, आणि प्रबंधात तसे लिहायची हिंमत ठेवा. परीक्षक असे वाक्य वाचून खूश होतात, नाराज नाही.

अँटिऑक्सिडंट चाचण्या

डीपीपीएच सगळ्यांच्या ओळखीची: मिथेनॉलमध्ये ०.१ मिलिमोलर द्रावण, अर्धा तास अंधार, ५१७ नॅनोमीटर, जांभळ्याचा पिवळा. विषाबाबत अडचण मिथेनॉलची. त्यात मोठी प्रथिने साकळतात, द्रावण गढूळ होते आणि गढूळपणा ओडी वाढवतो, म्हणजे खरा गुण झाकला जातो. वाचण्याआधी नळी उजेडासमोर धरून बघा. गढूळ असेल तर फिरवून वरचा द्रव वाचा, आणि डीपीपीएच न घातलेली विष-मिथेनॉलची नळी प्रत्येक मात्रेला ठेवा.

माझे मत विचाराल तर विषासाठी मुख्य चाचणी एबीटीएसची (हीही रंग उतरण्यावर चालणारी) असावी, कारण ती पाण्यात चालते. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट एकत्र करून १२ ते १६ तास अंधारात ठेवा. दुसऱ्या दिवशी गडद निळसर हिरवा रंग येतो. बफरने पातळ करत ७३४ नॅनोमीटरला ओडी ०.७० वर आणा. विष घाला, ठरलेल्या मिनिटाला वाचा, आणि ते मिनिट सगळ्या नळ्यांना सारखे ठेवा. तुलनेला ट्रोलॉक्स हे प्रमाण अँटिऑक्सिडंट. टक्केवारीचा हिशेब दोन्हीकडे एकच: कोऱ्या नळीच्या ओडीतून नमुन्याची ओडी वजा, भागिले कोऱ्या नळीची ओडी, गुणिले शंभर.

फ्रॅप ही आणखी एक अँटिऑक्सिडंट चाचणी ५९३ नॅनोमीटरला वाचतात, पीएच ३.६ वर. हौस असेल तर करा, निकाल बदलेल असे वाटत नाही.

या टप्प्यावर शुद्ध मेलिटिनही त्याच मात्रांत चालवा. पूर्ण विष चमकते आणि मेलिटिन थंड असेल तर गुण इतर घटकांचा किंवा प्रोपोलिसचा. फोलिन अभिकर्मकाने फिनॉलचे प्रमाण बघितले की शंका बरीच फिटते, मात्र फोलिन ट्रिप्टोफॅन-टायरोसीनलाही रंग देते हे ध्यानात ठेवून.

दाहशामक चाचण्या

अल्ब्युमिन तापवून ते साकळणे विष किती थांबवते, ही चाचणी ६६० नॅनोमीटरला होते आणि तुलनेला डायक्लोफेनॅक असते. करायला हरकत नाही, पण मेलिटिन अल्ब्युमिनला चिकटतेच. त्यामुळे होकारार्थी निकालाचा दाहाशी संबंध असेलच असे नाही. एवढ्यावर 'दाहशामक' शब्द शीर्षकात घालू नका.

खरे काम मॅक्रोफेज पेशींवर (दाहात भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी). आरएडब्ल्यू २६४.७ ही उंदराच्या पेशींची ओळ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मिळते. आपल्या कॉलेजात सीओटू इनक्युबेटर नसेल तर हा भाग ज्या संस्थेत आहे तिथे जाऊन करावा. घरगुती जुगाड इथे चालत नाही.

पहिले पाऊल मारक मात्रेचे. २४ तास विष देऊन एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते दाखवणारी रंगाची चाचणी) करा, ५७० नॅनोमीटर. सोबत एलडीएच या पेशीतल्या एन्झाइमची गळतीही मोजा, कारण मेलिटिन पटलालाच भोक पाडते आणि ते एलडीएचमध्ये लवकर दिसते. माध्यमात (पेशी वाढवायच्या द्रवात) सीरम किती टक्के आहे ते लिहून ठेवा. सीरममधले अल्ब्युमिन मेलिटिनला धरून ठेवते, त्यामुळे सीरम बदलले की मारक मात्राही सरकते. जिथे ८० टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत आहेत तेवढ्याच मात्रा पुढे न्या.

मग विष, तासाभराने एलपीएस (जिवाणूंच्या भिंतीतला दाह पेटवणारा घटक), आणि आणखी २४ तासांनी वरच्या द्रवात ग्रीस अभिकर्मकाने नायट्राइट, म्हणजे पेशींनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडची खूण, ५४० नॅनोमीटर. सोडियम नायट्राइटची प्रमाण रेषा त्याच प्लेटवर. तुलनेला डेक्सामेथासोन. नायट्राइट कमी झाले की आनंद होतो, पण त्याच प्लेटवर लगेच एमटीटी करा. मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत.

आणखी एक सापळा आहे आणि तो छापील लेखांतही सुटून जातो. मेलिटिनवर धन भार असतो, एलपीएसवर ऋण. दोघे माध्यमातच एकमेकांना धरतात. म्हणजे विषाने पेशीचा दाह शमवला नसून ठिणगीच बाहेर अडवली, असे असू शकते. पडताळा सोपा आहे: प्लेटच्या काही खड्ड्यांत (वेल) आधी एलपीएस द्या, दोन तासांनी पेशी धुवा, मग विष घाला. तरीही नायट्राइट उतरले तर बोलण्याला वजन येते. उलट बाजूने, पेटीतून आलेल्या विषातच जिवाणूंचे एलपीएस असू शकते. एकट्या विषाने नायट्राइट वाढले तर एलपीएसला निकामी करणारे पॉलिमिक्सिन-बी घालून परत करा.

टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ ही दाहाचा निरोप देणारी प्रथिने मोजायचे एलायझा किट महाग असतात. नायट्राइटचा निकाल तीन वेगवेगळ्या दिवशी सारखा आल्यावरच किट उघडा. एकाच दिवशीच्या तीन नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

उंदराच्या पंजात कॅरॅजीनन टोचून सूज मोजण्याची पद्धत आहे, पण ती संस्थेच्या प्राणी नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय आणि नोंदणीकृत प्राणिगृहाशिवाय करता येत नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. वर्ष त्यातच जाते.

लिहिताना आणि आवरताना

प्रबंधात माशीची जात, विष काढल्याचा महिना आणि तालुका, पेट्या कुठल्या पिकात होत्या, साठवण, सीरमची टक्केवारी, पेशी फोडणारी मात्रा, हे सगळे आलेखाच्या आधी यावे. निम्म्या परिणामाची मात्रा सरळ रेषा ओढून काढू नका, वक्ररेषेच्या पद्धतीने काढा.

आणि कोणी नातेवाईक 'लॅबमधले थोडे विष गुडघ्याला लावून बघतो' म्हणाला तर कुपीला कुलूप लावा. उरलेल्या द्रावणाला नुसते उकळून फेकू नका, मेलिटिन उष्णतेला बऱ्यापैकी टिकते. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तासभर ठेवून मग टाका, आणि हायपोक्लोराइट घातलेले काहीही ऑटोक्लेव्हमध्ये नको. रक्ताच्या नळ्या जैववैद्यकीय कचऱ्यात. ज्या ब्लेडने पूड खरवडली ते ब्लेड धारदार वस्तूंच्या डब्यात, टेबल ओल्या कपड्याने पुसून घ्यायचे, आणि तो कपडाही हायपोक्लोराइटमध्ये.